रंगाचे मुद्दल

सोलापूरच्या जुन्या पेठेत सुताच्या व्यापाऱ्यांचे एक घर आहे. घरामागच्या अंगणात पत्र्याची शेड आहे आणि त्या शेडमध्ये १९७५ सालची एक प्रीमियर पद्मिनी उभी असते. घरातील ज्येष्ठांना सारे अप्पा म्हणतात. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ते दर रविवारी सकाळी बॅटरी जोडतात, दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालू ठेवतात, गाडी अंगणात पुढे-मागे करतात आणि पुन्हा जागेवर लावतात. इंजिनाची ही सेवा त्यांनी कधी चुकविली नाही. रंगाकडे मात्र त्यांचे लक्ष गेलेच नव्हते.

रंग मुळात गर्द मरून होता, पिकल्या कोकमासारखा. परंतु शेडची पश्चिम बाजू उघडी. दुपार कलली की ऊन तिरपे आत शिरे आणि सायंकाळपर्यंत गाडीच्या उजव्या अंगावर रेंगाळे. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढचा. अशा कितीतरी उन्हाळ्यांनी उजवी दारे फिकट गुलाबी झाली, टप पांढुरका पडला आणि बॉनेटवरून बोट फिरविले की बोटाला खडूसारखी भुकटी लागू लागली.

या गाडीला घरात वाहनापेक्षा थोडे अधिक स्थान होते. त्याला एक कारण गावाचे होते. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली याच सोलापुरात झाला. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभारली आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. तीच गाडी १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. त्या काळी पैसे भरले म्हणून गाडी मिळत नसे; नाव नोंदवून वाट पाहावी लागे. अप्पांचे वडील, बापूजी, यांनी नोंदणी केली, थांबले, आणि गाडी आली त्या दिवशी दुकानातील मुनीम-गुमास्त्यांसह साऱ्यांना पेढे वाटले. ‘आपल्या गावच्या माणसाच्या कारखान्यातली गाडी’ हे वाक्य ते पुढे वीस वर्षे प्रत्येक पाहुण्याला ऐकवीत असत.

दुसरे कारण घराचे होते. ती एकत्र पेढीच्या काळातील वस्तू होती. बापूजी १९९६ साली गेले. २००१ मध्ये अप्पा आणि त्यांचे धाकटे बंधू नाना यांच्या वाटण्या झाल्या. दुकाने दोन झाली, स्वयंपाकघरे दोन झाली. गाडी अप्पांच्या वाट्याला आली. भांडण असे झाले नाही. हिशेब चोख झाले आणि बोलणे कमी झाले. पुढे दोघे भाऊ लग्नकार्यात भेटत; पाहुण्यांनी भेटावे तसे. ख्यालीखुशाली विचारीत आणि आपापल्या खुर्चीकडे वळत.

गेल्या दिवाळीनंतर घरात लग्न निघाले. अप्पांच्या नातीचे. वरात याच गाडीतून निघावी, ही अप्पांची इच्छा. मुलाला ती मान्य होती; पण अशा भुकटी झालेल्या गाडीतून लेकीला कसे पाठवायचे? त्याने एका गॅरेजमधून अंदाज आणला. सारा रंग घासून पत्रा उघडा करायचा, पुट्टी भरायची, प्रायमर मारायचा आणि वर चकचकीत मोतिया पांढरा. तीन आठवडे आणि नव्वद हजार रुपये. रंग बदलला की नोंदणीपुस्तकातही तशी नोंद करून घ्यावी लागणार होती. तेही काम करून देण्याची गॅरेजवाल्याची तयारी होती.

विरोध आला तो नवरीकडूनच. नात पुण्याला रंगांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. ती म्हणाली, “पप्पा, नवा रंग केव्हाही देता येईल. पण कारखान्यातून आलेला रंग एकदा घासून काढला, की तो पुन्हा कुणालाच देता येणार नाही. आधी हा किती शिल्लक आहे ते पाहू या.”

‘किती शिल्लक आहे’ हा प्रश्न व्यापाऱ्याच्या घरात लगेच समजतो. अप्पांनी गॅरेजवाल्याला आठवडाभर थांबायला सांगितले.

नातीने पहिली परीक्षा केली ती अगदी साधी. पांढऱ्या सुती फडक्यावर बोटभर पॉलिश घेऊन तिने दाराच्या एका कोपऱ्यावर हलक्या हाताने चोळले. फडके कुंकवात बुडविल्यासारखे लाल झाले. अप्पा दचकले, त्यांना वाटले, रंगच निघून आला. ती म्हणाली, निघालाच पाहिजे. हल्लीच्या गाड्यांवर रंगाचा थर असतो आणि त्याच्यावर वेगळा पारदर्शक थर. त्यांना पॉलिश केले तर फडक्यावर रंग येत नाही, कारण झिजतो तो वरचा थर. जुन्या गाड्यांना असे वरचे पांघरूण नव्हते. रंग हाच रंग आणि रंग हेच चिलखत. उन्हातील अतिनील किरण या रंगातील बांधून ठेवणारा चिकट अंश तोडतात, हवा त्याला कोरडा करते आणि मग रंगाचे कण सुटे होऊन वर भुकटीसारखे बसतात. पांढुरके दिसते ते हे मेलेले कण. लाल आणि मरून रंगांच्या बाबतीत हे विशेष लवकर घडते. पण या मेलेल्या सालीखाली जिवंत रंग असू शकतो. कोपऱ्यावरची भुकटी पुसली गेली, तेथे तळहाताएवढा मरून तुकडा ओला असल्यासारखा चमकत होता. अप्पांनी चष्मा पुसून तो दोनदा पाहिला.

मग तिने पिशवीतून एक छोटे यंत्र काढले. रंगाची जाडी मोजणारे. पत्र्यावर टेकविले की पत्रा आणि त्याचे टोक यांच्यामध्ये किती जाडीचा थर आहे, ते आकड्यात दिसते. आकडा मायक्रॉनमध्ये. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. आणि गाडीवरचा प्रायमरसकट सगळा रंग दीड केसाच्या आसपास. गाडीचे सारे वैभव एवढ्याशा सालीवर उभे असते, हे ऐकून घरातील मंडळी गप्प झाली.

तिने दुकानातील एक कोरी खतावणी मागून घेतली आणि त्यात गाडीचे चित्र काढून जागोजाग आकडे मांडले. दारे १०५ ते ११०. बॉनेट ७८. टप ६४, उन्हाने आणि वर्षानुवर्षांच्या पुसण्याने तो सर्वांत अधिक झिजला होता. डाव्या पुढच्या मडगार्डवर आकडा एकदम ९०० वर गेला. तेथे रंगाखाली पुट्टी होती. अप्पांना आठवले, १९८८ साली पंढरपूरच्या रस्त्यावर बैलगाडीला धक्का लागला होता. उजव्या मागच्या दाराच्या खालच्या अंगाला चार बोटे लांबीचा एक पट्टा होता. त्यावर आकडा आला १९०. तेथे रंगावर रंग होता, आणि तो हाताने लावलेला दिसत होता. नातीने त्या जागी प्रश्नचिन्ह केले आणि पान उलटले.

“अप्पा, ही तुमची शिल्लक,” ती म्हणाली. “या वहीला जमेची बाजू नाही. पॉलिश म्हणजे खर्च. प्रत्येक वेळी घासले की एक-दोन मायक्रॉन जातात, आणि गेलेले परत येत नाहीत. मेण लावणे वेगळे. ते वर बसते, ऊन-पाणी खाते आणि स्वतः झिजून जाते. पुन्हा लावता येते. मेणाचा खर्च हा व्याजातला. पॉलिश मुद्दल खाते.”

अप्पांनी उभ्या आयुष्यात मुद्दलाला हात न लावण्याचे व्रत पाळले होते. नव्वद हजारांचा प्रश्न तेथेच निकाली निघाला.

कामाला जोड हवी होती ती अनुभवी हाताची. पेठेतच एक वृद्ध रंगारी राहतात. सारे त्यांना पेंटरचाचा म्हणतात. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात त्यांनी सुताच्या गाठी वाहणाऱ्या कितीतरी लॉऱ्या रंगविल्या होत्या. ते आले, गाडीभोवती एक फेरी मारली, बोटाच्या पेराने पत्रा टकटक वाजविला आणि खिशातून फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक काढले. डाव्या मडगार्डवर ते धरेना. “इथं पुट्टी हाय,” चाचा म्हणाले. यंत्राने जे आकड्यात सांगितले होते, ते चुंबकाने सांगितले. तेव्हापासून नात आणि चाचा यांचे जमले.

पहिला दिवस केवळ धुण्यात गेला. धुणे हे क्षुल्लक काम वाटते. पण रंगाचे सर्वाधिक नुकसान तेथेच होते. घरोघरी पहाटे गाडी पुसणारा मुलगा येतो, एका बादलीत एकच फडके बुडवतो आणि धुळीसकट ते पत्र्यावर फिरवतो. धूळ म्हणजे बारीक वाळूच. असे रोज पुसणे म्हणजे रोज अगदी सौम्य पॉलिश पेपर फिरविणे होय. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे गोल गोल ओरखडे दिसतात, ते याच सेवेचे फळ. कोरडे फडके तर त्याहून वाईट. म्हणून आधी नुसत्या पाण्याच्या धारेने धूळ सोडवावी. मग दोन बादल्या घ्याव्यात. एकीत गाडीसाठीचा सौम्य साबण, दुसरीत स्वच्छ पाणी. मऊ फडके साबणात बुडवावे, वरून खाली पुसावे, दुसऱ्या बादलीत खळबळून घ्यावे आणि मगच पुन्हा साबणात घालावे. कपड्यांची पावडर वापरू नये. ती असलेले मेणही काढून टाकते.

पाण्याचाही विचार करावा लागला. सोलापूरच्या बोअरचे पाणी जड. त्यातील क्षार उन्हात वाळून पांढरे ठिपके धरतात आणि ते रंगात रुततात. मुलाने सुचविले, “आर.ओ.चे वाया जाणारे पाणी रोज बादलीभर मिळते, ते वापरू.” नात हसली. ते तर अधिकच जड. गाळून काढलेले सारे क्षार त्यातच उतरलेले असतात. शेवटचे पाणी पिण्याच्या टाकीतले घेतले, आणि ते वाळण्याआधीच मऊ फडक्याने टिपून घेतले. टिपून, घासून नव्हे.

धुतल्यावर गाडी स्वच्छ दिसली, तरी तळहाताला खरखर लागत होती. रेल्वेच्या आणि रस्त्याच्या धुळीतील लोखंडाचे सूक्ष्म कण, झाडाचा चीक, डांबराचे थेंब रंगात बसले होते. ते काढण्यासाठी एक प्रकारची चिकणमातीसारखी वडी मिळते. साबणपाण्याचा भरपूर ओलावा ठेवून ती पत्र्यावर हलकेच सरकवायची. अडकलेले कण ती उचलून घेते. वडी मळून पुन्हा स्वच्छ बाजू वर आणायची. हातातून जमिनीवर पडली तर मोह न धरता फेकून द्यायची. खालचे खडे तिच्यात घुसलेले असतात. मुलाच्या हातून ती एकदा पडली. त्याने ती पुसून परत करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा चाचांनी काही न बोलता ती घेतली आणि कोपऱ्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी कोणी मशीन लावेल, अशी अप्पांची अपेक्षा होती. नातीने मशीन लावले नाही. कोरड्या रंगाला आधी तेल द्यावे लागते, असे तिचे म्हणणे. जुन्या रंगासाठी तेलकट ग्लेझ मिळते. त्यात घासणारे कण जवळजवळ नसतात. सुती फडक्याने ते भरपूर चोळून रात्रभर तसेच ठेवले. कोरडा रंग ते पिऊन घेतो आणि त्याची मूळ छटा उठून येते; शिवाय पुढे घासताना तो तडकत नाही. चाचांनी यावर मान डोलावली, पण अप्पांना बजावले की जुने ड्रायव्हर रॉकेलचे किंवा खोबरेलाचे फडके मारून गाडी चमकवीत, ते हे नव्हे. ती चमक तासाभराची. नंतर सारी धूळ त्यालाच चिकटते.

तिसऱ्या दिवशी पॉलिशला आरंभ झाला. येथे घाई करणारा हमखास फसतो. पत्र्याच्या कडा, दारांच्या धारा, बॉनेटवरची उठावाची रेघ या ठिकाणी रंग सर्वांत पातळ असतो, कारण ओला रंग धारेवरून दोन्ही बाजूंना ओघळतो. त्या साऱ्या जागांवर आधी कागदी चिकटपट्टी लावली. मग सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ स्पंजाची गादी घेऊन हातभर जागेवर प्रयोग केला. तेवढ्याने काम झाले, तर कडक कंपाउंडाला हात लावायचा नाही. दारांवर तेवढ्याने झाले. बॉनेटला त्याहून एक पायरी कडक लागले. टपावर चाचांनी मशीन चालवू दिलेच नाही; ६४ आकडा त्यांनी वहीत पाहिला होता. “हितं हातानंच,” ते म्हणाले, आणि टप दोघांनी दीड दिवस हाताने केला. काम सावलीत, थंड पत्र्यावर. दर चार-सहा फेऱ्यांनी गादी साफ करायची, कारण मेलेला रंग तिच्यात साचतो. फडक्यांचा ढीग लाल झाला होता. अंगणात रंगपंचमी झाल्यासारखे दिसे.

मध्येच आजींनी एक प्रश्न विचारला, आणि तो या घरात विचारला जाणारच होता. “शेवटी मेण लावणार म्हणता, ते मधमाश्यांचे नाही ना?” नातीने हा विचार आधीच केला होता. गाडीसाठीच्या मेणांत नावाजलेले कार्नौबा हे ब्राझीलमधील एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरून मिळते. ते वनस्पतीचेच, परंतु डबाबंद मेणांत त्याच्याबरोबर मधमाश्यांचे मेणही मिसळलेले असू शकते, आणि डब्यावर ते लिहिलेले असेलच असे नाही. म्हणून तिने कारखान्यात तयार होणारा कृत्रिम लेप निवडला. तो मेणापेक्षा अधिक टिकतो. मशीनला लोकरीची गादी मिळते तीही नाकारली. स्पंजाची गादी आणि कृत्रिम धाग्यांची फडकी यांवर सारे काम भागले. आजींचे समाधान झाले. चाचा म्हणाले, “स्पंजच बरा. लोकर लई खाती रंगाला.”

पाचव्या दिवशी सायंकाळी काम त्या प्रश्नचिन्हापाशी आले. सभोवारचा रंग उजळल्यामुळे चार बोटांचा तो पट्टा आता डोळ्यांत भरत होता. पाटीवर अक्षरे लिहिण्याच्या तैलरंगाचा भडक लाल, ब्रशने ओढलेला, त्यात ब्रशचा एक केस तसाच चिकटून राहिलेला. अप्पांना विचारले, तर ते म्हणाले, “माझ्याच हातून लागली होती. दुकानाच्या ओट्याला.” नातीने त्याचे छायाचित्र काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले आणि गमतीने लिहिले, ‘अप्पांची चित्रकला.’

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आले. निरोप न देता, एकटे. कित्येक वर्षांत असे झाले नव्हते. त्यांनी चहा नको म्हटले, शेडमध्ये गेले आणि मागच्या दारापाशी उकिडवे बसले. अप्पा मागोमाग आले.

“दादा, हे माझं काम.”

“माहीत आहे.”

नानांनी वर पाहिले. “केव्हापासून?”

“त्याच दिवशी. सकाळी चहाला बसलास तेव्हा नखांत रंग होता तुझ्या.”

१९७९ साली नाना एकोणीस वर्षांचे होते. रात्री न विचारता किल्ली घेऊन त्यांनी गाडी बाहेर काढली, परत आणताना दुकानाच्या दगडी ओट्याला दार घासले आणि पहाटेपूर्वी पाटीच्या रंगाचा डबा उघडून ते झाकले. बापूजींनी तो पट्टा पाहून विचारले, तेव्हा अप्पांनी आपले नाव सांगितले होते.

“मग सांगितलं का नाहीस तेव्हा?”

“तुझी परीक्षा होती त्या आठवड्यात,” अप्पा म्हणाले. जणू ती परीक्षा अजून संपायची होती.

बराच वेळ कोणी बोलले नाही. चाचा मशीन हातात घेऊन उभे होते. अखेर त्यांनीच विचारले, “शेठ, काढायचं का ठेवायचं? आत्ताच सांगा.”

“काढा,” नाना म्हणाले.

“राहू द्या,” अप्पा म्हणाले.

दोघांनी नातीकडे पाहिले. तिने भावनेत न जाता उत्तर दिले. या पट्ट्याखाली ओट्याने खरवडलेला पत्रा आहे. लाल रंग काढला की तो उघडा पडेल. मग तेवढ्या जागेला प्रायमर आणि नवा रंग द्यावा लागेल. नवा रंग पन्नास वर्षे उन्हात राहिलेल्या रंगाशी जुळत नाही. तो जुळविण्यासाठी सारे दार रंगवावे लागेल, आणि दार रंगविले की शेजारचे दार वेगळे दिसू लागेल. उलट हा थर घट्ट आहे. त्याच्या कडेला कोठे गंज शिरलेला नाही. “नानाआजोबा, तुम्ही घाईत लावलात, पण त्या रंगानेच हा पत्रा वाचवला.”

नाना थोडा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “राहू दे तर.”

त्या दिवशी ते दुपारपर्यंत थांबले. पॉलिशनंतर राहिलेले ओरखडे पाहण्यासाठी पत्र्यावर तिरपा प्रकाश धरावा लागतो. ती बॅटरी त्यांनी धरली. दुसऱ्या दिवशीही आले. गंज खरोखर जेथे शिरला होता, त्या जागा त्यांनीच शोधून काढल्या: दारांच्या तळाशी. पाणी निघून जाण्याची भोके मातीने बुजली होती, आत ओल राहिली होती आणि रंगाला फोड आले होते. तेथे मात्र दया नाही. फोड खरवडले, चमकता पत्रा लागेपर्यंत गंज काढला, प्रायमर दिला, वर रंगाचा बारीक हात मारला. भोके तारेने मोकळी केली. जुनी गाडी वरून उन्हाने मरते आणि खालून पाण्याने. खालचे मरण लवकर दिसत नाही, म्हणून ते अधिक घातक.

शेवटी लेप लागला. हल्ली ज्याची फार चर्चा आहे तो सिरॅमिक लेप अप्पांच्या मुलाने सुचविला होता. नातीने तो टाळला. तो टणक असतो आणि पुष्कळ टिकतो हे खरे. परंतु तो आपल्याखाली जसे असेल तसेच बंद करतो आणि काढायचा झाला तर घासूनच काढावा लागतो. ज्या टपावर ६४ शिल्लक आहे, तेथे पुढच्या माणसाला घासायला लावणारे काही ठेवू नये.

काम संपल्यावर तिने पुन्हा आकडे घेतले. बॉनेट ७८ चे ७५. दारे जवळजवळ तशीच. टप ६३. एवढ्या खर्चात पन्नास वर्षांपूर्वीचा रंग परत आला होता. तो नव्यासारखा नव्हता. टपावर कोठे कोठे प्रायमरची सावली दिसत होती, ड्रायव्हरच्या काचेखाली बापूजींचे कोपर टेकत असे तेथे रंग पातळ होता. पण सायंकाळच्या उन्हात गाडी आतून उजळल्यासारखी दिसली. नव्वद हजारांच्या अंदाजपत्रकात हे मिळणार नव्हते.

लग्नाच्या दिवशी सजावटीचा माणूस चिकटपट्ट्या आणि झेंडूच्या माळा घेऊन आला, तेव्हा चाचा आधीच येऊन उभे होते. जुन्या रंगावर चिकटपट्टी लावली, तर काढताना रंगाचा पापुद्रा बरोबर येतो. ओल्या फुलांचा डाग बसतो. ताणलेली सुतळी वाऱ्याने हलून घासते. म्हणून माळा बंपरला बांधल्या, बॉनेटवर आधी मऊ कापड अंथरले आणि कुंकवाचे स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यावर काढले. गाडीचे काही उणे दिसले नाही.

अप्पांच्या हाती किल्ली होती. नाना जवळ आले आणि हात पुढे केला.

“दादा, मी चालवू का? या वेळी विचारून घेतोय.”

अप्पांनी किल्ली दिली आणि स्वतः शेजारी बसले.

खतावणी आता शेडमध्ये खिळ्याला टांगलेली असते. पश्चिमेच्या बाजूला जाड सुती पडदा लागला आहे. गाडीवर आतून मऊ असलेले कापडी आच्छादन असते. प्लास्टिकचे नाही, कारण ते ओल कोंडते. आणि धुळीच्या गाडीवर ते कधी घालायचे नाही, कारण वाऱ्याने तेच घासू लागते. पक्ष्याची विष्ठा दिसली की तिथल्या तिथे ओल्या फडक्याने भिजवून उचलायची. उन्हात ती दिवसभरात रंग जाळते. दर तीन महिन्यांनी लेपाचा नवा हात. पाणी पत्र्यावर मोत्यासारखे थांबेनासे झाले, की तारीख जवळ आली असे समजायचे. पॉलिशच्या रकान्यात मात्र अजून दुसरी नोंद झालेली नाही.

रविवारी सकाळी इंजिन सुरू करण्यासाठी आता दोघे असतात. उजव्या मागच्या दारावर खालच्या अंगाला तो भडक लाल पट्टा तसाच आहे, ब्रशच्या केसासकट. वहीत त्याच्यापुढचे प्रश्नचिन्ह अप्पांनी खोडले आहे, आणि तेथे आपल्या वळणदार अक्षरांत लिहिले आहे: ‘१९०. जुनी बाकी. मागणे नाही.’